मऊ तारा

"हौसा, पाणी ठेव गं! तारा उकळायच्यात."

न्हाणीतून हाक यायची. मी चहाचं पातेलं खाली उतरवायची आणि कडेला काळं पडलेलं दुसरं पातेलं स्टोव्हवर चढवायची. त्यात चिमटीभर सोडा. पाण्याला बुडबुडे फुटले की हे ओल्या अंगानंच आत यायचे आणि बेस गिटारच्या चारही तारा वेटोळं करून अलगद आत सोडायचे. बोटांचा घाम, चिकटा, गावोगावच्या जत्रांची धूळ, सगळं पाण्यात उतरायचं. जुनी तार पुन्हा बोलायला लागायची. दोन-चार कार्यक्रमांपुरती का होईना, पण खणखणीत.

"आमच्या घरात भाताआधी तारा शिजतात," असं मी शेजारच्या मगदुमांच्या काकूंना सांगायची. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

हे, म्हणजे जनार्दन लोहार, 'ऑर्केस्ट्रा नीलपंख, इचलकरंजी' यात बेस वाजवायचे. मी तिथंच गायची. फलकावर माझं नाव 'मिस हर्षदा'. लेक नांदायला गेली तरी आई आपली मिसच, असं म्हणून हेच मला चिडवायचे. ह्यांचं नाव मात्र फलकावर कधीच नव्हतं. बेस हा मांडवाच्या मेढीसारखा. सगळ्या मांडवाचा भार तिच्यावर, पण हार घालताना लोक कमानीला घालतात.

त्या वर्षी होळी झाली, चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्या, आणि तारा उकळायची हाक काही आली नाही. मीच आपणहून पातेलं काढलं. तारा सोडवून घेताना बघते तर सगळ्यात बारीक तारेवर तपकिरी काहीतरी वाळलेलं.

"अहो, हे रक्त आहे."

"कुणाचं?"

मी ह्यांचा डावा हात ओढून उजेडात धरला. मधल्या बोटाच्या टोकाला उभी चीर पडली होती. आतलं लाल मांस दिसत होतं.

"हे कधी झालं?"

"कुठं?" म्हणून हे स्वतःच्याच बोटाकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तसे बघत राहिले. मग हात मागे घेतला. "या तारा आता लई टोचायला लागल्यात. उकळू नकोस. ह्या खेपेला मऊ घेऊया. आणि जरा बारीक."

"परवा डॉक्टरकडे जाऊन आलात, ते काय म्हणाले पण?"

"मानेतली शीर दबलीया म्हणाले. गिटारचा पट्टा याच खांद्यावर, इतकी वर्षं. बोटांवरचा ताण कमी करा म्हणाले. म्हणून तर मऊ तारा."

डॉक्टर एवढंच म्हणाले की आणखी काही, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण ह्यांना खरी धास्ती कशाची होती ते घरात दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या पार्टीचे मालक शीतलअण्णा चौगुले यांनी नवा कीबोर्ड आणला होता. अल्ताफ नावाचा हसरा, लाजरा पोरगा तो वाजवायचा. उजव्या हातानं बासरी, सनई, सारंगी, हवं ते. आणि डाव्या हातानं बेस. आसपासच्या एकेका पार्टीतून बेसवाले घरी बसत चालले होते. एकाला म्हणे पडदा ओढायला ठेवला होता. हे ती गोष्ट हसत सांगायचे आणि सांगून झाल्यावर गिटार पुसायला घ्यायचे. पार्टीच्या गाडीतली खिडकीजवळची आपली जागा या हंगामात राहते की जाते, एवढ्या एकाच प्रश्नावर माझा माणूस तेव्हा जगत होता.

आम्ही मिरजेला गेलो. वाद्यांच्या त्या गल्लीत दुकानांच्या तुळयांना सतारीचे भोपळे टांगलेले असतात. इम्तियाजभाईंच्या दुकानात भोपळ्यांच्या खाली एका काचेच्या कपाटात गिटारचंही सामान असायचं.

"या जनाभाऊ. वहिनी, बसा. चहा सांगू?"

"आधी तारा दाखवा. मऊ."

"मऊ म्हंजे? वरनं चपटी पट्टी गुंडाळलेल्या? मुंबईहून आल्यात बघा." त्यांनी पुडकी काढून काचेवर मांडली. "पण वाजवणार काय तुम्ही यावर?"

"जत्रा."

इम्तियाजभाई हसले. "अहो, मऊ तारेचा आवाज घरातल्या माणसासारखा असतोय. हळू बोलतोय. जत्रेत कोण ऐकणार त्याचं?"

"ऐकतील की. ऐकणारे ऐकतील."

नेहमीची तार म्हणजे दोरखंडावर बारीक तार गुंडाळावी तशी. बोट फिरलं की खरखर करते. ही तशी नव्हती. हिच्यावर पट्टी अशी सपाट बसवलेली की सांधा दिसेना. ह्यांनी एक तार उलगडली आणि बोट फिरवायचं सोडून ती सरळ खालच्या ओठावरून ओढली. मग दुसरी. मग तिसरी. दुकानातला कारागीर भोपळा घासायचा थांबून बघायला लागला.

"अहो, काय करताय? दुकानात हाय आपण."

"बोटांना घट्टे पडल्यात गं. ओठाला नीट कळतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बघ. डोळे मीट. तुझं बोट अजून लोण्याचं हाय."

इम्तियाजभाईंनी भोपळ्यांकडे मान वळवली. मी लाजत डोळे मिटले. ह्यांनी माझं बोट धरून एका तारेवर ठेवलं. जरीकाठावरून फिरवावं तसं ते सरकलं, पण तार जाडजूड. दाबली तर उलट मलाच दाबायची. दुसरी तिच्याहून हलकी. टेकवलं बोट की वाकणारी, ऐकणारी.

"ही," मी म्हटलं.

"नक्की?"

"ही ऐकतेय."

इम्तियाजभाईंनी आपलं काम म्हणून सावध केलं. हलक्या तारांचा ओढा कमी, त्यामुळे गिटारची मान मागं जाईल, तारा मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर फरफरतील, मानेच्या आतला लोखंडी रॉड सैल करावा लागेल. वरच्या खाचाही जुन्या जाड तारांच्या मापाच्या, त्यांत ही तार नाचेल.

"ते माझं मी बघतो," हे म्हणाले. दुकानातून बाहेर पडताना ह्यांची चाल बदलली होती. हंगाम जिंकून आल्यासारखे चालत होते.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर वाकळ अंथरून आम्ही दोघं बसलो. मी खोबरेल लावलेल्या फडक्यानं गिटारची मान पुसली. ह्यांनी किल्ली घालून रॉड सैल केला, तार चढवली, वाजवली, पुन्हा सैल केला. खाचेत तार नाचत होती, तेव्हा खिशातून आदल्या दिवशीचं एसटीचं तिकीट काढलं, त्याची घडी घातली आणि तारेखाली सारली. तार बसली.

माझं गाणं आईच्या जात्यापाशी सुरू झालेलं. हातात काम आलं की तोंडात ओवी येतेच. त्या दिवशीही आली.

*तार ग बाई तार, तुला पुसते तेलानं*
*कंथाच्या बोटाला नको दुखवू बोलानं*
*तार ग बाई तार, तुला घालते मी आण*
*त्यांच्या खांद्यावर माझ्या घराचं वजान*

"कुठली गं ही? आईची?"

"न्हाई. आत्ताच झाली."

"मग त्यात एक घाल. म्हणावं, बेसवाल्याचं नाव फलकावर घाला."

"तेवढी मोठी ओवी मला न्हाई जमायची."

हे मोठ्यानं हसले. मग गिटार मांडीवर घेऊन डावं बोट मानेवरून वरपासून खालपर्यंत सरकवलं. खरखर नाही, काही नाही. "बघ, अजिबात टोचत न्हाई," म्हणाले. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद कुठं ठेवावा ते मला अजून कळलेलं नाही.

पहिला कार्यक्रम रुकडीत होता. ऐन वेळी माझा घसा बसला. अण्णांनी माझी गाणी पार्टीत नव्यानं आलेल्या मुलीला दिली. दुपारी सगळे स्टेजवर वाद्यं लावत होते, तेव्हा हे माझ्याजवळ आले.

"झालं ते बरंच झालं. आज तू बाहेर बस, बायकांत. मला इथं माझ्या मागच्या स्पीकरच्या खोक्यातलं तेवढंच कळतंय. मऊ तारा बाहेर कशा वाजत्यात ते ऐक आणि मला सांग. खरं सांग पण."

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. मी मांडवात बायकांच्या घोळक्यात बसले. इतक्या वर्षांत आमचाच ऑर्केस्ट्रा मी समोरून कधी ऐकला नव्हता. आणि काय सांगू, बेस असा काही वाजत होता! गोल, भरलेला, एकेक सूर जागच्या जागी. मांडवाचे बांबू थरथरत होते. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर झोपलेलं लेकरू घेऊन बसली होती. ती स्वतःशीच म्हणाली, "अगं बया, पोटात वाजतंय की!"

मला तिला सांगावंसं वाटलं, तो बघ, मागं डावीकडं उभा आहे ना, तपकिरी शर्टातला, तो माझा नवरा.

मी मान उंच करून ह्यांच्याकडे बघितलं. गाणं ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात ह्यांनी डावा हात गिटारच्या मानेवरून काढला. बोटं दोनदा झटकली. मग उजवा हातही तारांवरून उचलला आणि दोन्ही हात खाली सोडून हे नुसते उभे राहिले.

बेस वाजतच होता.

गोल, भरलेला, जागच्या जागी. बांबू थरथरत होते. शेजारची बाई लेकराला थोपटत होती. मी अल्ताफकडे बघितलं. त्याचा डावा हात कीबोर्डच्या टोकाला पाण्यातल्या माशासारखा चालला होता आणि त्याची मान खाली होती.

मध्यंतरात मी स्टेजच्या मागे गेले. अल्ताफ गाडीच्या चाकाला टेकून चहा पीत होता. मला बघून उभा राहिला.

"वहिनी, घसा कसा हाय?"

"तुझा डावा हात काय वाजवतोय अल्ताफ?"

त्यानं चहाचा कप चाकापाशी ठेवला.

"अण्णांनी सांगितलंय," तो हळूच म्हणाला. "दिवाळीपासनं. भाऊंची बोटं भलत्याच पट्टीवर पडायला लागल्यावर. त्यांचा आवाज त्यांच्या मागच्या खोक्यापुरता ठेवलाय. बाहेर जात न्हाई."

"आणि त्यांना?"

"कोण सांगणार? मला हे वाजवायला त्यांनीच शिकवलं वहिनी. कुठं थांबायचं, कुठं सूर सोडून द्यायचा. मी माझं काही वाजवत न्हाई. त्यांचंच वाजवतोय." मग त्याचा आवाज फुटला. "दुपारी मला म्हणाले, बघ अल्ताफ, मऊ तारेवर बोट कसं पळतंय. मी म्हटलं, झकास, भाऊ."

मागून अण्णा आले होते. हा माणूस शिव्या घालायला कधी कचरायचा नाही, पण तेव्हा टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"हौसाताई, आम्ही बरोबर केलं का चूक, ते मला कळत न्हाई. जनाभाऊला घरी बसवा म्हणून दहा जणांनी सांगितलं. माझ्या तोंडातनं ते निघंना. तुम्ही सांगत असाल तर उद्यापासनं थांबवतो. तुम्ही सांगा."

मी काय सांगणार होते? थांबवा म्हणावं तर माझ्याच तोंडानं माझ्या माणसाला गाडीतून उतरवायचं. चालू ठेवा म्हणावं तर त्यानं रोज मांडवासमोर उभं राहून हवा वाजवायची. माझा घसा आधीच बसलेला. मी काही बोलले नाही, आणि न बोलणं हेच सांगणं झालं. अण्णांनी टोपी डोक्यावर घातली.

परत येताना हे खिडकीपाशी बसले होते. गिटार पायांच्या मध्ये उभी.

"सांग की. कशा वाजल्या?"

गाडीतली सगळी कुजबुज थांबली. पुढच्या बाकावर अल्ताफची पाठ ताठ झालेली मला दिसली.

"माझ्या शेजारी एक बाई होती," मी म्हटलं. "ती म्हणाली, पोटात वाजतंय."

"असं?"

"व्हय. लेकरू मांडीवर होतं तिच्या."

ह्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

पुढचा कार्यक्रम हेरल्याचा. तोवर माझा घसा सुटला होता. काढ्याची वाटी ह्यांनीच रोज समोर धरली होती. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू झालं, आणि माझ्या पाठीमागच्या ह्यांच्या छोट्या खोक्यातून जे यायला लागलं ते ऐकवेना. मी वर चढले की ते खाली उतरत होतं. मी थांबले की ते चालत होतं. सूर कुठला कुठं, ठेका कुठला कुठं. जणू अंधारात कुणी भिंत चाचपतंय आणि त्याला दार सापडत नाही. बोटांचा बधिरपणा आता मनगटापर्यंत चढला, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी गाण्यातल्या दुःखाच्या नावावर खपवलं. मागे बघितलं असतं तर ह्यांना कळलं असतं की मला ऐकू येतंय. मान ताठ धरली, माइक तोंडाशी ओढला, आणि एक पाऊल पुढं सरकून आवाज चढवला. बाहेरच्या खोक्यांतून अल्ताफचा डावा हात मला सावरून नेत होता. गाणं संपलं तेव्हा मांडवानं शिट्ट्या वाजवल्या. कुणीतरी 'पुन्हा एकदा' म्हणून ओरडलं.

मग एका दुपारी आम्ही घरी होतो. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. इचलकरंजीत तो बंद पडला तरच माणसं दचकतात. मी ताट वाढून आणलं. हे वाकळेवर गिटार घेऊन बसले होते. वाजवत नव्हते, नुसते फडक्यानं पुसत होते.

"जेवा की. गार होईल."

"बस जरा."

मी बसले.

"हेरल्याला तुझं दुसरं गाणं होतं ना," हे म्हणाले, "त्यात मी एकबी सूर बरोबर लावला न्हाई. मुद्दाम. सुरुवातीपासनं शेवटापर्यंत."

"मुद्दाम? का?"

"रुकडीला हात काढला, तर आवाज आपला चालूच. मला वाटलं, बोटांना कळंना झालंय तसं आता कानालाबी कळंना झालं. म्हणून तर तुला विचारलं. तू त्या बाईचं सांगितलंस. तुझं काही सांगितलं न्हाईस."

मी तोंड उघडलं, पण ह्यांनी हात वर केला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हटलं, एकदा खात्री करून घेऊ. सगळं उलटं वाजवलं. अल्ताफ वळला न्हाई. ठीक हाय, पोरगा भितोय मला. अण्णा वळले न्हाईत. तेबी ठीक हाय. पण हौसा, लग्नाच्या आधीपासनं बघतोय मी, माझा एक सूर इकडचा तिकडं झाला तर तू भर गाण्यात मान वळवून डोळे वटारायचीस. भांडायचीस घरी येऊन. मला ते लई आवडायचं. तुला कधी सांगितलं न्हाई."

फडकं मांडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हेरल्याला अख्खं गाणं तुझ्या पाठीकडं बघत होतो मी. तू वळली न्हाईस."